घरी कापलेल्या बाभळीच्या जाड फळ्या तडकायला लागल्यात, उरलेल्या कशा वाचवू?

करवतीवेडा:

वादळात उन्मळून पडलेली एक जुनी बाभूळ माझ्या वाट्याला आली. बुंधा साडेसात फूट लांब, जाडी साधारण २० इंच, सरळसोट. एवढं लाकूड सरपणात जाणार हे बघवेना. चेनसॉला फ्रेम बसवली आणि दोन रविवार घालवून सहा फळ्या काढल्या, प्रत्येकी अडीच इंच जाड. कडेचे दोन ढलपे वेगळे. पाठ धरली, कानात अजून घरघर आहे, पण पहिली फळी उलटी केल्यावर आतला तो लालसर तपकिरी रंग बघितला आणि सगळं विसरलो.

आता रडगाणं. फळ्यांवर खडूनं १ ते ६ आकडे टाकलेत, त्याप्रमाणे सांगतो. झाडाचा अगदी मधला भेंड ३ नंबरमधून लांबीभर गेलाय. ५ नंबर मी उन्हात भिंतीला टेकवून ठेवली, म्हटलं हिची तरी लवकर वाळेल. बाकीच्या शेडमध्ये एकावर एक रचल्या, मध्ये त्याच झाडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या घातल्या, आणि हवा खेळावी म्हणून समोर मोठा पंखा लावला, दिवसरात्र.

तिसऱ्या रात्री शेडमधून 'टक्' असा आवाज आला. सुकी फांदी मोडावी तसा. सकाळी बघतो तर ३ नंबर दोन्ही टोकांनी फाटलेली, एका बाजूला १४ इंच आत. उन्हातल्या ५ नंबरला एका टोकाला १० इंचांची चीर, शिवाय उन्हाकडच्या अंगावर केसासारख्या भेगा, बोट फिरवलं की नखाला लागतात. १, २, ४ आणि ६ अजून बऱ्या आहेत, टोकांना इंच-दीड इंचाच्या बारीक रेघा दिसतात.

फाटलेल्यांचं काही होईल का? टोकांना आता रंग लावून उपयोग आहे का, की वेळ गेली? एकानं सांगितलं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेव, दुसऱ्यानं सांगितलं साल मुळीच काढू नको. मला यातून एक कामाचं टेबल करायचंय. किती थांबावं लागेल?

पाचर:

आधी पंखा बंद करा, मग बाकीचं वाचा.

५ नंबर आजच सावलीत आणा. मधल्या ओल्या पट्ट्याही काढा, त्या जिथे टेकल्यात तिथे लाकडावर काळे आडवे डाग उमटतात आणि ते रंध्यानं सहजासहजी जात नाहीत. तोपर्यंत वाळक्या लाकडाच्या सारख्या जाडीच्या रिपा शोधा. प्लॅस्टिक नको, चार दिवसांत बुरशी येईल. सविस्तर सांगायला 'जुना रंधा' येतीलच, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे.

जुना रंधा:

आलोच. पंखा बंद झाला असं धरून चालतो.

तुमचा 'टक्' वाचून मला माझा पहिला बुंधा आठवला. शिसमाचा होता. सात फळ्या काढल्या आणि हौसेनं गच्चीवर, भर वाऱ्यात उभ्या केल्या. त्यातल्या पाच फाटल्या. उरलेल्या दोनांपैकी एकीला असा पीळ बसला की जमिनीवर ठेवली तर एक कोपरा वर राहायचा आणि त्यावर मांजर झोका घ्यायचं. त्यानंतर मी लाकूड वाळवायचं सोडून दिलं आणि लाकूड वाळू न देण्याच्या मागे लागलो. ऐकायला उफराटं वाटेल. पण पहिले दोन-तीन महिने आपलं काम वाळवण्याचं नाही, वाळणं रोखून धरण्याचं आहे. लाकूड स्वतःहून वाळतंच, त्याला तुमची मदत नको असते.

असं का, ते एकदा नीट समजलं की बाकीची उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक, पेशींच्या पोकळीत मोकळं. दुसरं, पेशींच्या भिंतींत मुरलेलं. आधी मोकळं पाणी जातं, आणि ते जाईपर्यंत लाकूड जवळपास आकसत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांवर आला की मोकळं पाणी संपतं, भिंतींतलं निघायला लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. (हा टक्का कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात, म्हणून ताज्या लाकडात तो १०० च्या वरही जाऊ शकतो.)

आता तुमच्या ५ नंबरचं बघा. उन्हाकडचा वरचा पापुद्रा दोन दिवसांत त्या ३० च्या खाली गेला आणि आकसायला लागला. आतला अडीच इंचांचा गर अजून ओलाचिंब, तो इंचभरही हलायला तयार नाही. सदरा आटला, आतला माणूस तेवढाच राहिला. मग सदरा कुठेतरी उसवणारच. त्या केसासारख्या भेगा म्हणजे ते उसवणं.

टोकांचं गणित याहून वाईट. झाडात पाणी चढतं ते उभ्या नळ्यांमधून, आणि आपण बुंधा आडवा कापला की त्या सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. अंगातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दहा-पंधरा पट वेगानं ते तोंडातून जातं. म्हणून टोकाचे चार-सहा इंच वाळून आकसतात आणि पुढचं सगळं ओलं असतं. चीर टोकापासून आत जाते ती यामुळे.

३ नंबरचा दोष मात्र पंख्याचा नाही, पंख्यानं फक्त मुहूर्त जवळ आणला. भेंड असलेली फळी फाटणारच होती. लाकूड सगळीकडे सारखं आकसत नाही. सागवानासारखं शहाणं लाकूड घ्या: ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत भेंडाकडून सालीच्या दिशेनं ते सुमारे २.५ टक्के आकसतं, पण वलयांच्या घेराच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के. पांढऱ्या ओकमध्ये हेच आकडे ५.६ आणि १०.५ आहेत. लांबीत मात्र जेमतेम एक दशांश ते दोन दशांश टक्का. म्हणजे घेर आकसतो दुप्पट आणि त्रिज्या त्याच्या निम्मी. बांगडी लहान होत चालली आहे आणि मनगट तितकं बारीक होत नाही. बांगडी तडकते. अख्खा ओंडका नुसता पडून राहिला तरी त्याला सालीपासून भेंडापर्यंत एक मोठी चीर पडते, ती याच कारणानं.

तेव्हा ३ नंबरवर दया दाखवू नका. भेंडाच्या दोन्ही बाजूंनी उभी चिरा आणि मधली तीन-चार इंचांची पट्टी काढून टाका. दोन्हीकडे सहा-सात इंच रुंदीच्या दोन चांगल्या फळ्या मिळतील, आणि गंमत म्हणजे त्यांत वलयं जवळपास उभी येतील, त्या सगळ्यात कमी वाकतील. टेबलाचे पाय यातूनच काढा.

५ नंबरचं फाटलेलं टोक कापा. पण चीर दिसते तिथे कापू नका, तिच्या पुढे दोन-तीन इंच जा. डोळ्याला दिसते त्याहून चीर आत गेलेली असते. आणि कापल्यावर चहाला जायचं नाही, त्याच पाच मिनिटांत तोंड बंद करायचं. बाकीच्यांची इंच-दीड इंचाची टोकंही अशीच उडवा आणि लगेच बंद करा. तर वेळ गेली का या प्रश्नाचं उत्तर: जुन्या तोंडाची गेली, नव्या तोंडाची नाही.

तोंडाला काय लावायचं? मेण सगळ्यात चांगलं. पॅराफिन मेण वितळवून ब्रशनं जाड थर द्या. मेणाचं भांडं कधीही सरळ आचेवर ठेवू नका, खाली पाण्याचं भांडं हवंच. मेण पेटलं की पाण्यानं विझत नाही, भडकतं. पाण्यात मिसळलेलं मेणाचं तयार द्रावणही मिळतं, ते ओल्या लाकडावर छान बसतं. घरात उरलेला भिंतीचा रंग वापरणार असाल तर एका हातानं काही होत नाही, तीन-चार हात द्या. तोंडाच्या कडेवरून अंगावरही इंच-दोन इंच ओढा. मोठ्या गाठी असतील तर त्यांच्यावरही लावा, कारण गाठ म्हणजे आडवी आलेली फांदी, तिथेही नळ्यांची तोंडंच उघडी असतात.

आता थप्पी. पाया सपाट हवा, हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पायाला पीळ असेल तर थप्पीतली प्रत्येक फळी तो पीळ शिकते आणि वाळल्यावर विसरत नाही. जमिनीपासून फूट-दीड फूट वर. रिपा इंचभर जाड, कोरड्या, सगळ्या एकाच जाडीच्या, दर १२ ते १६ इंचांवर एक, आणि पहिली व शेवटची अगदी टोकाशी. खालच्या फळीवरची रीप जिथे, बरोबर तिथेच वरच्या थरातली, वरपासून खालपर्यंत ओळंबा लावल्यासारखी रेघ. एखादी इकडे-तिकडे झाली की वजन दोन रिपांच्या मध्ये पडतं आणि फळीला बाक येतो. सगळ्यात वर वजन: दगड, विटा, जे असेल ते, भरपूर. पट्टे आवळणार असाल तर लाकूड आकसेल तसे ते सैल होतात, महिन्यातून एकदा पुन्हा ओढायचे. थेट ऊन नको, थेट पाऊस नको. पहिले काही आठवडे वाऱ्याच्या बाजूला बारदान सोडा. हवा चालली पाहिजे, पण चालत चालली पाहिजे, धावत नाही.

हे सगळं पुस्तकातही सापडेल. पण मला ज्यानं शहाणं केलं ते म्हणजे वजनकाटा. म्हणून तो भाग जरा सावकाश वाचा.

५ नंबरचं टोक कापाल तेव्हा चिरेच्या पलीकडच्या चांगल्या भागातून एक इंच जाडीची आडवी चकती काढा. काढल्या काढल्या, वाळायच्या आत, स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर तिचं वजन करा आणि लिहा. त्याच वेळी उरलेल्या फळीची तोंडं बंद करून तिचंही वजन घ्या. माणसांचं वजन करायचा साधा काटा चालतो: फळीच्या एका टोकाखाली काटा, दुसऱ्या टोकाखाली काट्याच्याच उंचीचा ठोकळा. आकडा लिहा. मग काटा आणि ठोकळा यांची अदलाबदल, टेकू त्याच दोन जागी. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे फळीचं वजन. जागा खडूनं आखून ठेवा.

चकती ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवा. दोन-तीन तासांनी वजन, पुन्हा आत, पुन्हा वजन. लागोपाठ दोन-तीन वेळा आकडा उतरेनासा झाला की ती पूर्ण कोरडी. याला एक दिवस लागतो आणि ओव्हनला काही दिवस वास राहतो, तेव्हा घरात आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. ओल्या वजनातून कोरडं वजा करा, त्याला कोरड्यानं भागा, शंभरानं गुणा. झाला ओलाव्याचा टक्का. तोच टक्का फळीला लावला की फळी पूर्ण कोरडी असती तर किती भरली असती ते निघतं, आणि मग पुढे कधीही नुसतं वजन करून ओलावा सांगता येतो. फोडायला नको, भोक पाडायला नको.

पहिल्या दोन महिन्यांत दर आठवड्याला वजन. जाड, घट्ट लाकडाचा ओलावा रोज एक टक्क्याच्या आत उतरत असेल तर मी निर्धास्त झोपतो. त्याहून वेगानं उतरायला लागला तर बारदान वाढवतो. अगदीच उतरेना आणि अंगावर पांढरी बुरशी दिसायला लागली, तर बारदान काढतो. एवढंच करायचं असतं, पण आकड्यांशिवाय हे कळत नाही, माणूस अंदाजानं धावपळ करतो.

किती थांबायचं? 'इंचाला वर्ष' असं म्हणतात. साधारण खरं आहे, पण जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून जास्त लागतो, आणि हवा दमट असेल तर आणखी. अडीच इंचांच्या बाभळीला अडीच-तीन वर्षं धरा. रडू नका. तेवढ्यात दुसरं झाड पडेल.

भट्टीवाला:

रंधाकाकांचं बहुतेक पटतं, पण तीन वर्षं ऐकून नवीन माणूस लाकूडकामच सोडेल, म्हणून दोन शब्द.

उघड्या हवेत वाळवून लाकूड फक्त हवेइतकंच कोरडं होतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड १२ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, ८० असेल तर १६ च्या आसपास. मग शेडमध्ये दहा वर्षं ठेवा, आणखी खाली जात नाही. ज्या खोलीत टेबल राहणार तिथली हवा शेडपेक्षा कोरडी असेल, तर उरलेलं आकसणं टेबल झाल्यावर होतं. म्हणून मी २५ टक्क्यांपर्यंत थप्पीत वाळवतो आणि मग सूर्यभट्टीत घालतो. सूर्यभट्टी म्हणजे काळा रंग दिलेली पेटी, उताराला पारदर्शक छप्पर, आत छोटा पंखा. दिवसा तापते, रात्री गार होते, आणि रात्री आतली आर्द्रता वाढून लाकडाच्या पृष्ठभागाला थोडी ओल परत मिळते. दिवसभराचा ताण रात्री सैल होतो. या रात्रीच्या विश्रांतीमुळे ती नवशिक्याला माफ करते. पण ताजी ओली जाड फळी तिच्यात घालू नका, मी घातली आहे, फोटो दाखवणार नाही.

सालीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: काढा. साल आणि लाकूड यांच्यामधला थर म्हणजे किड्यांची धर्मशाळा. कडा नैसर्गिक ठेवायची तरी साल पुढे आपोआप सुटतेच, टेबल झाल्यावर सुटण्यापेक्षा आता गेलेली बरी. बोथट पटाशीनं ओलेपणी सहज निघते. आणि सालीखालचं फिकट कच्चं लाकूड भुंग्याला फार आवडतं, त्यात स्टार्च असतो. ताज्या, ओल्या लाकडावर बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी मारलं तर ओलाव्याबरोबर ते आत झिरपतं. वाळल्यावर मारून तेवढा उपयोग नाही. हातमोजे घाला. भट्टी असेल तर शेवटी गाभ्यात ५६ अंश किमान ३० मिनिटं मिळाले की किडे आणि अंडी संपतात, लाकडी पेट्यांच्या निर्यातीसाठीचा आंतरराष्ट्रीय नियमही हाच आहे.

जुना रंधा:

रात्रीच्या विश्रांतीचं पटलं. सालीचंही पटलं, फक्त मला ती काढताना दर वेळी वाईट वाटतं.

करवतीवेडा:

सगळ्यांचे आभार. दोन दिवस सुट्टी टाकून सगळं केलं. ३ नंबर चिरली, भेंडाची पट्टी चुलीकडे रवाना. ५ नंबरचं टोक १४ इंच कापलं, कारण १० इंचांवर कापल्यावर आत आणखी एक रेघ दिसली. काका, तुम्ही म्हणाला होतात.

चकती: ओली ४१२ ग्रॅम, कोरडी २६२ ग्रॅम. म्हणजे १५० भागिले २६२, सुमारे ५७ टक्के. फळी भरली ५१ किलो. त्या हिशेबानं पूर्ण कोरडी असती तर ३२.४ किलो. १२ टक्क्यांना ती ३६.३ किलो भरायला हवी. म्हणजे या एका फळीतून अजून जवळजवळ पंधरा लिटर पाणी निघायचंय! हे कळल्यावर पंखा लावल्याची खरी लाज वाटली.

दोन शंका. मी सुया टोचायचा मीटर आणलाय, तो कुठेही टोचला तरी ३० च्या वर काहीबाही दाखवतो, दर वेळी वेगळंच. बिघडलाय का? आणि ५ नंबरच्या अंगावरच्या केसासारख्या भेगा सावलीत आणल्यापासून थोड्या मिटल्यासारख्या वाटतात. बऱ्या होतायत ना?

जुना रंधा:

मीटर बिघडलेला नाही. तो विजेचा विरोध मोजतो, आणि साधारण ३० टक्क्यांच्या वर त्याच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. आत्ता पेटीत ठेवा, वजन ४२ किलोच्या खाली गेलं की बाहेर काढा. तेव्हाही छोट्या सुयांनी फक्त वरचा पापुद्रा मोजला जातो, गाभा नाही. लाकडाच्या जातीप्रमाणे दुरुस्तीही करावी लागते. माझा मीटर बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये आहे, काटा मात्र रोज कामाला.

भेगांचं ऐकून आनंद व्हायला हवा, पण नाही. त्या बऱ्या होत नाहीत. एकदा तुटलेला रेषा, म्हणजे लाकडाचा तंतू, पुन्हा जुळत नाही. दमट हवेत पृष्ठभाग थोडा फुगतो, भेग मिटते. पुढे आणखी एक चकवा आहे. सुरुवातीला घाईनं वाळलेला पापुद्रा ताणलेल्या अवस्थेतच कडक होऊन बसतो. काही महिन्यांनी आतला गर आकसायला लागला की तो पापुद्र्याला आत ओढतो, आणि भेगा अशा बंद होतात की फळी नवी वाटते. ताण मात्र आता उलटा झालेला असतो: बाहेर दाब, आत ओढ. ओढ फार झाली तर फळी आतून फाटते, मधमाशांच्या पोळ्यासारखी, आणि बाहेरून काही दिसत नाही. अशी एक फळी मी मोठ्या कौतुकानं उभी चिरायला घेतली होती. अर्ध्यात करवत अशी आवळली गेली की पाचर मारून सोडवावी लागली, आणि आत बघतो तर बोट जाईल अशा पोकळ्या.

म्हणून आजच एक काम करा. भेगा मिटायच्या आत प्रत्येकीच्या दोन्ही टोकांवर मेणखडूनं खूण करा. वाळल्यावर त्या दिसणार नाहीत आणि तुम्ही नेमका तोच भाग टेबलाच्या मधोमध घ्याल. मी घेतलाय. भेगा वरवरच्या असतील तर रंधा मारताना अडीचाची पावणेदोन इंच होईपर्यंत निघूनही जातील, नाही गेल्या तर तो भाग खालच्या बाजूला. फारच मोठी चीर राहिली तर तिच्यावर आडवी डमरूच्या आकाराची पाचर बसवायची. पण ती वाळल्यावर, आत्ता नाही. ओल्या लाकडात बसवलेली पाचर चीर थांबवत नाही, शेजारी नवी पाडते.

पाचर:

माझं नाव निघालं म्हणून सांगतो: डमरूच्या पाचरीचा रेषा चिरेला काटकोनात हवा. उलटा ठेवला की कंबरेत मोडते.

करवतीवेडा: (पाच महिन्यांनंतर)

हिशेब देतो. ५ नंबरची वजनं: सुरुवात ५१, एक आठवडा ४९.६, दोन आठवडे ४८.५, महिनाभरानं ४६.६, दोन महिन्यांनी ४३.९ आणि आज ४०.२ किलो. म्हणजे २४ टक्के. पहिल्या आठवड्यात रोज सुमारे ०.६ टक्के, नंतर मंदावत गेलं. मध्ये एकदा कोरडा वारा सुटला होता, तेव्हा वजन उतरायच्या आधीच बारदान सोडलं. नवीन चीर एकही नाही. ४ नंबरला थोडा बाक आलाय, सालीच्या बाजूनं कडा वर उचलल्यात, मधोमध पाव इंच पोकळी दिसते. जाडी आहे, रंध्यात निघेल असं वाटतं. ढलप्यांकडे दुर्लक्ष केलं होतं, त्यांवर बोरॅक्सही मारलं नव्हतं, त्यातल्या एकाखाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला. तो लगेच थप्पीपासून लांब नेला.

आणि एक कबुली. वरचं छप्पर पत्र्याचं केलंय. पहिल्या आठवड्यात रोज रात्री आठच्या सुमाराला 'टक्' आवाज यायचा. तीन रात्री बॅटरी घेऊन धावत गेलो, एकेक फळी बोटानं चाचपली, नव्यानं वजन केलं, काकांना फोटो पाठवायचा बेत केला. चौथ्या रात्री आधीच जाऊन थप्पीशेजारी खुर्ची टाकून बसलो. आवाज वरून आला. दिवसभर तापलेला पत्रा गार होताना वाजत होता.

जुना रंधा:

पत्र्याचं वजन करू नका म्हणजे झालं.

४ नंबर पुढच्या वेळी थप्पी उघडाल तेव्हा उलटी करून सगळ्यात खाली घाला, वर सगळ्यांचं वजन येऊ द्या. आलेला बाक पूर्ण जाणार नाही, पण वाढायचा थांबेल. ढलपा जाळा.